शीतजलदाबाचे धक्केशास्त्र

सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेले यंत्र पाण्यावाचून करपून जावे, हा चमत्कार जमिनीवर संभवत नाही. तो पाहण्यासाठी बोटीतच बसावे लागते. मोटारगाडीचे इंजिन आपले पाणी रेडिएटरमध्ये बरोबर घेऊन फिरते आणि वाऱ्याने निववून तेच पुनःपुन्हा वापरते. बोटीच्या इंजिनाला ही काटकसर करण्याचे कारण नसते, कारण त्याच्या बुडाखाली अख्खा अरबी समुद्र पडलेला असतो, आणि बाहेरचे पाणी पंपाने आत घ्यायचे, इंजिनाच्या अंगाभोवती फिरवायचे व तापल्यावर पुन्हा समुद्रात सोडून द्यायचे, एवढेच त्याला करावयाचे असते. ज्या व्यवस्थेत करण्यासारखे इतके थोडे आहे तीत बिघडण्यासारखे इतके कसे असते, याचा उलगडा करण्यासाठी ससून डॉकपासून मालवणपर्यंतच्या प्रत्येक धक्क्यावर एक स्वतंत्र शास्त्र उदयास आले असून, प्रस्तुत लेखात सोयीसाठी त्याला धक्केशास्त्र असे म्हटले आहे. या शास्त्राचा एकही ग्रंथ छापलेला नाही, परंतु त्याचे अध्यापक सर्वत्र आढळतात आणि ते बोलावण्यापूर्वीच येतात.

या शास्त्राचा पाया उष्णतेच्या हिशेबात आहे. जाळलेल्या डिझेलातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग बोटीचा पंखा फिरवण्याच्या कामी येतो, जवळजवळ तेवढाच धुरावाटे आकाशात जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरून तेथेच मुक्काम करू पाहतो. या तिसऱ्या वाटेकऱ्याला बाहेर काढणे हे थंड पाण्याचे काम होय. १०० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ७५ किलोवॅटचे इंजिन पूर्ण जोराने चालत असताना पाण्यात साधारण ६० किलोवॅट उष्णता सोडते असे धरले, आणि आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानात १५ अंशांहून अधिक फरक पडू द्यावयाचा नाही असे ठरवले, तर दर सेकंदाला सुमारे एक लिटर, म्हणजे मिनिटाला ६० लिटर पाणी इंजिनातून खेळते राहिले पाहिजे, असे उत्तर निघते. ज्याला हा हिशेब करता येतो त्याला सहसा बोट हाकता येत नाही, आणि ज्याला बोट हाकता येते त्याला हा हिशेब करण्याची गरज भासत नाही. या दोघांच्या मध्ये समेट घडवून आणण्यासाठी दाबमापक नावाचे एक गोल उपकरण बसवलेले असते.

दाबमापकाचे आजचे रूप युजीन बूर्दों या फ्रेंच संशोधकाने १८४९ साली पेटंट घेतलेल्या युक्तीवर उभे आहे. चपटी करून कमानीसारखी वाकवलेली एक पोकळ नळी घेतली, तिचे एक टोक बंद केले आणि दुसऱ्या टोकातून दाबाखालचे पाणी किंवा वाफ आत सोडली, की ती नळी सरळ होऊ पाहते आणि तिच्या या धडपडीला जोडलेला काटा तबकडीवर सरकतो. दाब ओसरला की नळी आपल्या मूळच्या वाकड्या स्वभावावर परत येते. तबकडीवरचे आकडे बहुधा पीएसआय या एककात, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड भार पडतो या हिशेबाने दिलेले असतात. आउटबोर्ड इंजिनावर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या इंजिनावर, संथ चालीत दोनचार आणि पूर्ण वेगात दहा ते वीस असे आकडे पुष्कळदा दिसतात; परंतु खरा आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो, आणि इंजिन घेतल्याच्या दिवशी ती पुस्तिका ज्या सुरक्षित जागी ठेवली जाते तेथून ती पुन्हा कोणाला सापडल्याचा दाखला नाही. तबकडीची स्थिती याहून फार बरी नसते. नारळी पौर्णिमेला इंजिनाची पूजा होते तेव्हा हळदकुंकवाची बोटे सर्वांत सपाट आणि सर्वांत चकचकीत जागी उमटतात, आणि बोटीवर तशी जागा नेमकी दाबमापकाच्या काचेची असते; त्यामुळे काही काटे शून्य ते दहा या टापूत श्रद्धेच्या आड वावरतात आणि पंधराच्या पुढे गेल्यावरच दर्शन देतात.

आउटबोर्डचा विषय निघालाच आहे तर त्याच्या कुळाबद्दल दोन शब्द सांगणे अप्रस्तुत होणार नाही. हा प्रकार लोकप्रिय करणारे इंजिन ओले एव्हिनरूड याने १९०९ साली अमेरिकेतील मिल्वॉकी येथे विक्रीस आणले, आणि त्याची प्रेरणा म्हणून, वल्हवीत नेलेले आइस्क्रीम तळ्याच्या पलीकडे पोहोचेपर्यंत वितळून गेल्याची कथा सांगतात. ही कथा खरी मानल्यास, ज्या यंत्राचा जन्मच उष्णतेने झालेल्या नुकसानीतून झाला त्याने पुढे शतकभर उष्णतेचीच तक्रार करीत राहावे, यात विसंगत असे काही नाही.

धक्केशास्त्रातील निम्मे वाद एका सिद्धान्ताच्या विस्मरणातून उद्भवतात, आणि तो सिद्धान्त असा की दाब म्हणजे प्रवाह नव्हे. बागेला पाणी घालण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की नळीतला दाब वाढतो आणि बाहेर पडणारे पाणी कमी होते, धार मात्र अधिक आवेशाने उडते, त्यामुळे पाहणाऱ्याला पाणी वाढल्यासारखे वाटते; दाबमापकाचीही अशीच फसगत होते. तो जेथे जोडलेला असतो त्या जागेच्या पुढे वाट अडली तर काटा चढतो, आणि मागे वाट अडली किंवा पंप झिजला तर काटा उतरतो; म्हणजे उतरलेला काटा पाणी कमी पडत असल्याचे सांगतो, आणि भलताच चढलेला काटाही कित्येकदा तेच सांगत असतो. पहिल्या प्रसंगी मालक घाबरतो, दुसऱ्या प्रसंगी तो समाधान पावतो, आणि सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, दोन्ही प्रसंगी सारखेच वाकते. म्हणून दाब कधीही एकटा वाचू नये, तापमानाच्या जोडीने वाचावा, असे जाणकार सांगतात. दाब कमी आणि ताप जास्त असेल तर पाणी येत नाही हे उघड आहे. दाब चांगला असून ताप जास्त असेल तर पाणी आलेले आहे पण जेथे जावयास हवे तेथे गेलेले नाही, किंवा आतल्या भिंतींवर क्षारांचे पूट चढल्यामुळे धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. दाब शून्य, ताप नेहमीचा आणि बाहेर पडणारे पाणीही नेहमीइतकेच, अशी स्थिती असेल तर मात्र काटा किंवा त्याच्याकडे येणारी बारीक नळी दोषी धरावी, कारण पाण्यावाचून थंड राहणारे इंजिन हे फक्त बंद इंजिनच असू शकते.

रोगपरीक्षेची पद्धत आयुर्वेदाने फार पूर्वीच बांधून दिलेली आहे. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली असून ती बोटीच्या इंजिनालाही लागू पडतात, जरी ग्रंथकर्त्याला याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. रूप, म्हणजे उघड लक्षण, कोणालाही कळते: धोक्याचा भोंगा वाजतो, वाफ निघते, रंग भाजल्याचा वास सुटतो आणि खलाशी स्वयंपाकाकडे संशयाने पाहू लागतात. पूर्वरूप, म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची सूचना, अधिक मोलाची असते, आणि आउटबोर्डवर ती मिळावी म्हणून इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचा एक अंश बारीक धारेच्या रूपाने सतत बाजूला उडत राहील अशी योजना केलेली असते. ही धार चालू आहे ना, एवढे पाहिले की इंजिन ‘पाणी मारते’ आहे की नाही हे समजते, आणि ती क्षीण झाली, तुटक झाली किंवा हाताला कढत लागू लागली की काटा हलण्यापूर्वीच सावध होता येते. अडचण एवढीच की धार मागे उडते आणि तांडेल पुढे पाहतो. त्यामुळे पूर्वरूपाचे निरीक्षण प्रायः शेजारच्या होडीवरील लोक करतात. ते हात हलवून ओरडतात, इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येत नाही, आणि तांडेलही सौजन्याने हात हलवून पुढे जातो.

उपशय म्हणजे औषध देऊन पाहणे आणि येणाऱ्या गुणावरून रोग ओळखणे. धक्केशास्त्राने उरलेली चारही साधने बाजूला ठेवून सगळा भार या एकावर टाकला आहे. कोणी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसे तापेपर्यंत त्याची वाट अडवणारी झडप, काढून टाकतो, कोणी पंप उघडतो, कोणी नळ्यांतून उलट्या दिशेने पाणी सोडतो, आणि तिन्ही उपाय एकाच दुपारी झाल्यामुळे इंजिन सुधारले तर ते कशाने सुधारले हे कोणालाही कळत नाही. मात्र तिघेही पुढच्या हंगामापर्यंत त्याचे श्रेय घेत राहतात, आणि तोच रोग पुन्हा उद्भवला की तिघेही एकमेकांचे नाव सुचवतात.

खरी गोम क्रमात आहे. पाणी समुद्रातून जाळीत, जाळीतून पंपात, पंपातून इंजिनात आणि इंजिनातून परत समुद्रात अशा एकाच क्रमाने चालते, आणि कोणाच्याही भिडेखातर तो क्रम बदलत नाही. संशय मात्र पाण्याच्या क्रमाने न चालता सोयीच्या क्रमाने चालतो. सर्वप्रथम तो काट्यावर घेतला जातो, कारण काटा डोळ्यांसमोर असतो, त्याला प्रत्युत्तर देता येत नाही आणि त्याला खोटे ठरवण्यास खर्च येत नाही. ‘मशीन बरी आसा, काटोच बिघडलो’ हे मालवणी किनाऱ्यावरचे आद्य निदान होय. ते पडताळण्यासाठी काचेवर टिचकी मारतात, आणि जुन्या काट्याच्या यंत्रणेतील अडकलेले घर्षण टिचकीने सुटत असल्यामुळे काटा खरोखरच थोडासा हलतो, त्यावरून तो खोटारडा असल्याचे सिद्ध झाले असे मानण्यात येते. काट्यानंतर डिझेलचा क्रमांक लागतो. डिझेलनंतर मागच्या खेपेस काम करून गेलेल्या मेस्त्रीचा, कारण तो हजर नसतो. त्याच्यानंतर इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा, कारण ती तर आणखीच दूर असते. आणि कंपनीनंतर दृष्ट लागण्याचा, जिच्यावरचा उतारा म्हणून लिंबूमिरच्या आधीपासूनच बांधलेल्या असतात. पाणी जेथून आत शिरते त्या जाळीचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो, कारण ती पाहण्यासाठी कोणाला तरी पाण्यात उतरावे लागते, आणि आपण उतरतो असे म्हणणारा माणूस धक्क्यावर जमलेल्या पंधरा तज्ज्ञांत नसतो.

वास्तविक पाण्याच्या वाटेने निघाल्यास पहिला आरोपी जाळीपाशीच भेटतो. आउटबोर्डमध्ये पाण्याखाली असलेल्या गिअरच्या पेटीला दोन्ही बाजूंनी फटी असतात, तर इनबोर्डमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेल्या इंजिनासाठी, तळाला भोक पाडून तेथे कॉक आणि त्यापुढे गाळणी बसवलेली असते. महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवरील बंदीची अंमलबजावणी २३ जून २०१८ रोजी सुरू झाली. तिचे पालन सर्वांत निष्ठेने कोण करतो असे विचारल्यास ती जाळीच होय, कारण समोर आलेली प्रत्येक पिशवी ती तत्काळ जप्त करते. एरवी निरुद्देश तरंगणारी पिशवी इंजिनाच्या ओढीने जाळीवर चपखल बसते, दाब उतरतो, भोंगा वाजतो आणि तांडेल इंजिन बंद करतो. इंजिन बंद होताच ओढ संपते, पिशवी सुटून आपल्या मार्गाने निघून जाते, आणि इंजिन पुन्हा सुरू केले की काटा नेहमीच्या जागी उभा असतो. कारण निघून गेलेले आणि कार्य तेवढे मागे राहिलेले, असा हा न्यायशास्त्रालाही पेचात टाकणारा प्रसंग आहे. मेस्त्री येतो, त्याला काहीच सापडत नाही, आणि काही सापडले नाही असे सांगून पैसे घेणे प्रशस्त न वाटल्यामुळे तो सद्भावनेने काहीतरी बदलून जातो. वस्तुतः अशा वेळी इंजिन क्षणभर थांबवून थोडे उलट्या दिशेने चालवले तर बहुतेक पिशव्या स्वखुशीने निघून जातात, आणि या उपायाला काहीही खर्च नाही, कदाचित म्हणूनच तो फारसा प्रचारात नाही.

इनबोर्डच्या ओढनळीचा, म्हणजे समुद्राकडून पंपाकडे येणाऱ्या नळीचा, गुन्हा याहून सफाईदार असतो. पंप पाणी ओढतो ही लोकसमजूत आहे. पंप केवळ आपल्या पुढ्यातली जागा मोकळी करतो आणि त्या जागेत पाण्याला ढकलण्याचे काम वातावरणाचा दाब करतो, हे टॉरिचेल्लीच्या सतराव्या शतकातील प्रयोगांपासून सर्वमान्य आहे. हा दाब सुमारे १४.७ पीएसआय एवढाच असतो आणि तो नळीला बाहेरूनही चेपत असतो, त्यामुळे जुनी, मऊ पडलेली किंवा आतला पापुद्रा सुटलेली नळी इंजिनाचा वेग वाढताच आतून मिटते आणि वेग उतरताच पूर्ववत गोल होते. तपासणी नेहमी इंजिन बंद असताना होते, त्या वेळी ही नळी निर्दोष, गोलाकार आणि सुस्वभावी दिसते, आणि बिचारा पंप बदलला जातो. गाळणीच्या झाकणाखालचे रबराचे कडे कडक झाले असल्यास आणखी मौज होते. गळती म्हणजे पाणी बाहेर येणे, अशी सर्वांची दृढ समजूत असते. येथे मात्र हवा आत गळते, बाहेर थेंबही दिसत नाही, आणि पंप पाण्याऐवजी बुडबुडे वाहून नेतो. झाकण पारदर्शक असेल तर हे बुडबुडे दिसतात, पण ते सहसा पारदर्शक राहिलेले नसते.

दुसरा मुक्काम पंपाचा. त्यातील इम्पेलर म्हणजे लवचिक रबरी पात्यांचे एक चाक असून ते किंचित एका बाजूला सरकवून बसवलेल्या घरात फिरते. त्यामुळे प्रत्येक पाते अरुंद बाजूला दुमडते, रुंद बाजूला उलगडते, आणि दुमडण्या-उलगडण्याच्या या खटाटोपात पाणी पुढे ढकलले जाते. या चाकाला वंगण पाण्याचेच असल्याने ते कोरडे फिरवले तर पाहता पाहता जळते, आणि तरीही जमिनीवर ठेवलेले आउटबोर्ड गिऱ्हाइकाला ‘एकदा आवाज ऐकवण्यासाठी’ सुरू करण्याची प्रथा आहे. गिऱ्हाइकाला आवाज आवडतो आणि तो ज्या इम्पेलरसह इंजिन घरी नेतो त्याची उत्तरक्रिया तेथेच झालेली असते. कोकणात या चाकाला आणखी एक ऋतुमानाचा विकार जडतो. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, या काळात बोटी वर ओढून शाकारून ठेवतात, आणि आतली काही पाती अरुंद बाजूला दुमडलेल्या अवस्थेत दोन महिने काढतात. रबराला या बैठकीची सवय होते. हंगाम उघडताच बाहेर पडलेल्या बोटीचा काटा आळसावलेला दिसतो तो यामुळे, आणि त्याचे खापर मात्र नव्या डिझेलवर फुटते. बोट शाकारतानाच इम्पेलर काढून ठेवला तर हे टळते, परंतु मग काढून ठेवलेली वस्तू ऑगस्टमध्ये सापडण्याचा, पुस्तिकेच्या प्रकरणात आलेलाच, प्रश्न पुन्हा उपस्थित होतो.

खाडीच्या मुखाशी ओहोटीला उथळ पाण्यातून जाणाऱ्या बोटींचे इंजिन पाण्याबरोबर रेतीही पिते, आणि ती रेती पंपाच्या घराला व तळच्या पत्र्याला चरे पाडते. अशा झिजलेल्या पंपाची ओळख सोपी आहे: संथ चालीत दाब फारच कमी आणि वेग वाढवला की बराचसा ठीक. याच्या उलट, संथ चालीत सर्व ठीक आणि वेग वाढवताच दाब कोसळणे, हे पंपाच्या मागे, म्हणजे जाळीत, ओढनळीत किंवा हवेच्या शिरकावात दोष असल्याचे चिन्ह होय. इंजिन मागच्या फळीवर वाजवीपेक्षा उंच बसवल्यामुळे त्याच्या फटी वेगात पाण्याबाहेर डोकावत असल्या तरी हेच दिसते. एवढा एक भेद ध्यानात ठेवला तरी धक्क्यावरची अर्धी चर्चा अनावश्यक ठरेल, आणि बहुधा याच भीतीने तो कोणी ध्यानात ठेवत नसावे.

पंपाच्या पुढचा प्रदेश थर्मोस्टॅट आणि दाबझडप यांचा. समुद्राचे पाणी थेट अंगात खेळवणाऱ्या इंजिनांचे थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडणारे असतात, कारण पाणी त्याहून फार तापू दिल्यास त्यातील क्षार आतल्या भिंतींवर बसू लागतात. मोठ्या आउटबोर्डांत याखेरीज एक दाबझडप असते. वेग वाढून दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि पाण्याला आणखी एक मोकळी वाट मिळते. वाट मोकळी झाल्याने त्या क्षणी काटा एकदम थोडा खाली येतो. इंजिनाच्या संपूर्ण आयुष्यातील हा अत्यंत निरोगी क्षण असतो, आणि नेमका तोच पाहून सर्वांत जास्त इंजिने उघडली जातात, असे मानण्यास जागा आहे. उघडल्यावर थर्मोस्टॅट सापडतोच. तो निरुपयोगी अडथळा आहे असे ठरवून फेकून देण्यात येतो. त्यामुळे दाब आणखी उतरतो, इंजिन नको तितके थंड चालू लागते, आणि डिझेल जास्त जाळू लागल्यावर संशयाची वर्तुळाकार परिक्रमा पूर्ण होऊन डिझेल विकणारा पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

धार अजिबात बंद आणि ताप मात्र नेहमीचा, अशी तक्रार पावसाळ्यानंतर हमखास येते. तिचे मूळ समुद्रात नसून जमिनीवर असते: बोट वर ओढलेली असताना कुंभारीण माशी धारेच्या छिद्रात मातीचे घर बांधून जाते. एका मऊ तारेने ते मोकळे होते. हा उपाय करणाऱ्या मेस्त्रीने तार आत घालण्यापूर्वी निदान पाव तास इंजिनाभोवती गंभीर मुद्रेने फिरावे, अशी अपेक्षा असते.

इनबोर्डच्या गोड्या पाण्याच्या बंद व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगता येईल. तीत इंजिनाच्या अंगात गोडे पाणीच फिरते आणि समुद्राचे पाणी उष्णता-विनिमयक नावाच्या नळ्यांच्या जुडग्यातून जाऊन त्याला निववते. समुद्राच्या पाण्याने धातू खाऊ नये म्हणून तेथे जस्ताची एक कांडी बळी देण्यासाठी ठेवलेली असते, जी झिजली नाही तर काम करीत नाही आणि पूर्ण झिजली तर तिचे तुकडे नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतात. काही इंजिनांत शेवटी हे पाणी धुराच्या नळीतील वळणात सोडतात, आणि त्या वळणात गंज व काजळी साचून वाट आतून अरुंद होते. हे वळण बाहेरून धडधाकट दिसते, काढण्यास अतिशय कठीण असते आणि त्याचे बोल्ट हटकून तुटतात, म्हणून निदानाच्या यादीत ते जाळीच्याही मागे येते व पुष्कळदा तेच खरे कारण असते.

धक्क्यावर सर्वमान्य असलेली अंतिम चाचणी पिंपाची आहे. आउटबोर्ड पाण्याने भरलेल्या पिंपात उभे करून चालवतात, काटा उत्तम दाब दाखवतो, धार जोरात उडते, आणि इंजिनात काहीही दोष नाही असा निर्णय जाहीर होतो. पिंपात पिशव्या नसतात, रेती नसते, बोटीचा भार नसतो आणि फटी पाण्याबाहेर येण्याचा संभव नसतो. म्हणजे बहुतेक रोगकारणे वगळून रोग्याला तपासण्याची ही पद्धत आहे. याउलट जी चाचणी खरोखर उपयोगाची आहे तिला एक बादली आणि एक घड्याळ एवढेच लागते. इनबोर्डमधून बाहेर पडणारे पाणी दहा लिटरच्या बादलीत धरावे आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजावे. वर सांगितलेल्या १०० अश्वशक्तीच्या इंजिनाची बादली पूर्ण वेगात साधारण दहा सेकंदांत भरली पाहिजे, आणि ती वीस सेकंद घेत असेल तर काटा काहीही म्हणो, पाणी निम्मेच येते आहे. चालत्या बोटीच्या बाजूने वाकून बादली धरणे धोक्याचे असल्याने ही मोजणी बोट धक्क्याला बांधलेली असताना, पंखा गिअरमध्ये न घालता, जमेल तेवढ्या वेगात करावी; मात्र मग तिचा मेळ पूर्ण वेगाच्या आकड्याशी न घालता, इंजिन निरोगी असताना त्याच वेगात घेतलेल्या नोंदीशी घालावा. अशी नोंद असलेली बोट किनाऱ्यावर विरळाच.

इम्पेलर बदलण्याचे काम त्यामानाने सोपे असून ते वर्षातून एकदा, बंदीच्या दोन महिन्यांत, आटोपून घेणे हिताचे असते. नवे चाक बसवताना पेट्रोलियमपासून बनलेले ग्रीस वापरू नये, कारण त्याने रबर खराब होते. साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन पुरते. पाती फिरण्याच्या उलट दिशेला कललेली असावीत, आणि चाकाला दांड्याशी जखडणारी छोटी चावी पाण्यात पडू नये म्हणून खाली फडके पसरावे; ते पसरल्यावर ती फडक्याच्या बाहेर पडते, तरी पसरावे. मात्र या कामातील जी पायरी जवळजवळ सर्वत्र गाळली जाते ती याहून साधी आहे. जुने चाक हातात आल्यावर ते समुद्रात भिरकावून देण्याचा मोह आवरून त्याची पाती मोजावीत, कारण तुटलेले पाते नाहीसे होत नाही. ते पाण्याबरोबर पुढे जाते आणि थर्मोस्टॅटच्या किंवा उष्णता-विनिमयकाच्या तोंडाशी अडकते. नवे चाक बसवल्यावर दाब पूर्वीपेक्षा छान दिसू लागतो, मालक खूश होतो, मेस्त्री पैसे घेऊन जातो, आणि इंजिन पहिल्यापेक्षा जास्त तापते. सहा पात्यांच्या चाकाला चारच पाती शिल्लक असतील तर उरलेली दोन इंजिनातच आहेत, आणि ती सापडून सहाचा हिशेब पुरा होईपर्यंत बोट धक्क्यावरून सोडू नये.